देव गावात नव्हता तो मंगळवार

अन्वी आणि ईशान,

मागच्या महिन्यात फोनवर ईशानने विचारलं, "आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस?" मी उत्तर द्यायच्या आत तुमच्या बाबाने मागून सांगून टाकलं, "गव्हर्नमेंटमध्ये होती." तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि विषय तिथेच संपला. मला ते लागून राहिलं. आयुष्यातला एवढा काळ दोन शब्दांत आटोपला. त्याच आठवड्यात उंबरघोळचे ज्ञानूतात्या गेल्याचा निरोप आला, आणि आता लिहायचं राहिलं तर राहीलच, असं वाटलं.

इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले होते. त्यांना म्हटलं, मी नातवंडांना लिहिते आहे, तेच छापा. म्हणून हे आधी परके लोक वाचतील आणि मग तुम्ही. राग मानू नका.

तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं होतं. मी कॉन्व्हेंटात शिकले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. सुरुवात इंग्रजीतच केली होती. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजीत बोलू लागली की ती माझ्यासारखी बोलतात, त्यांच्यासारखी नाहीत. दोन पानं लिहून फाडली. अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही अडलं तर मला फोन करा, इथे रात्र आहे का दिवस ते बघू नका.

तर मी काय करायचे. गावाचा कारभार ग्रामपंचायत बघते. नळाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे, गटार, घरपट्टी, कोण जन्मलं आणि कोण गेलं याची नोंद. या ग्रामपंचायती नीट चालतात का ते बघायला तालुक्याच्या पंचायत समितीत एक विस्तार अधिकारी असतो. ती मी. गावोगाव जायचं, दप्तर तपासायचं, भांडणं ऐकायची आणि ग्रामसभेला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून शेवटी अहवाल लिहायचा. खुर्चीवर टॉवेल अंथरलेला असला की ओळखायचं, आज गावात काहीतरी लपवायचं आहे.

मला माझ्या कामाचा अभिमान होता, हे लपवत नाही. माझ्या टेबलावर कागद कधी आडवातिडवा दिसला नाही. ऑफिसात मला "इंग्लिश बाई" म्हणायचे. वरून इंग्रजी परिपत्रक आलं की सगळे ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे आणि चहा मागवायचे. एका गावात सरपंचबाईंना प्रश्न विचारला की उत्तर त्यांच्या नवऱ्याकडून यायचं. मी त्यांना विचारलं, "आपण कोण?" तर म्हणाले, "मी सरपंचबाईंचा आवाज." मी लिहून घेतलं: सरपंच उपस्थित, आवाज अनधिकृत. साहेबांनी ते वाक्य खोडलं.

वेगळी ग्रामपंचायत मागायला येणारे पुष्कळ. मोठ्या गावाला चिकटलेल्या प्रत्येक वाडीला वाटतं की आपल्याला पाणी शेवटी येतं आणि निधी कधीच येत नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. एकदा एक गृहस्थ आले.

"बाई, आमच्या गल्लीला येगळी ग्रामपंचायत मिळंल काय?"

"गल्लीला? घरं किती?"

"सात. पर भावकी लई तापट हाय."

"सरपंच कोण होणार मग?"

ते विचारात पडले. "त्येचं भांडाण मिटलं की येतो," म्हणाले. परत आले नाहीत.

ज्ञानूतात्या मात्र परत परत आले.

पहिल्यांदा आले तेव्हा खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. बारीक अंगाचे, डोक्याला पिवळं पडलेलं पागोटं, पायात टायरच्या चपला.

"इंग्लिश बाई तुमीच न्हवं?"

"मीच."

"ह्यात आमच्या गावाचं नाव हाय का बघा."

कागद पुनर्वसनाचा होता. तात्यांचं गाव उंबरघोळ, तिकडे पश्चिमेला, डोंगराच्या खोबणीत. धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं आणि सगळ्या लोकांना ट्रकमधून इकडे, हातकणंगल्याच्या पुढे, बोरशिंगी नावाच्या गावाच्या माळावर आणून उतरवलं. शेजारी उसाची काळी रानं. त्या रानांतलेच तुकडे काढून उंबरघोळच्या लोकांना दिले. म्हणजे धरणाने एका गावाचं घर घेतलं आणि दुसऱ्या गावाची जमीन. दोन्ही गावांनी एकमेकांकडे बघायचं ते कायम त्याच नजरेने.

मी कागद दोनदा वाचला. "यात नाव नाही, तात्या. 'प्रकल्पग्रस्तांची वसाहत' एवढंच लिहिलंय."

"नाव न्हाय?"

"नाही."

त्यांनी कागद घडी करून परत पिशवीत घातला. "मग ह्येंनी पुनर्वसन केलं म्हनायचं कुनाचं?"

बोरशिंगीच्या ग्रामपंचायतीत वसाहतीचे दोनच सदस्य. टाकीचं पाणी गावात फिरून झाल्यावर जे उरेल ते वसाहतीला. दिवे लागायचे ते गणपतीत आणि निवडणुकीत. बोरशिंगीची माणसं त्यांना "धरणाचं पावणं" म्हणायची. पहिल्या वर्षी ते प्रेमाने म्हणत असतील. तात्यांच्या नातवंडांनाही तेच म्हणत होते.

पण तात्यांची तक्रार पाण्याची नव्हती, दिव्याची नव्हती. ते म्हणाले, "माजा जन्म उंबरघोळात. मरान बी उंबरघोळातच यावं. मधलं बोरशिंगीत गेलं तर गेलं, चालंल."

माणूस जिथे मरतो तिथल्या ग्रामपंचायतीत त्याच्या मृत्यूची नोंद होते. तात्यांना ते नाव कागदावर हवं होतं. वसाहतीची ग्रामपंचायत झाली की तिचं नाव उंबरघोळ ठेवायचं, एवढाच त्यांचा हट्ट. बाकीच्यांना नळ हवे होते.

मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. लोकसंख्या एवढी लागते, मूळ गावापासून अंतर एवढं लागतं, वसुली एवढी लागते. आणि मूळ गावाच्या ग्रामसभेने ठराव द्यावा लागतो की आमची हरकत नाही. "घटस्फोटासारखं आहे, तात्या. दुसऱ्या बाजूची सही लागते."

"आमचं लगीन तरी कुनी इचारून लावलंतं?" तात्या म्हणाले.

पुढची काही वर्षं ठरावातच गेली. ग्रामसभेला ठरावीक माणसं आली नाहीत तर ती तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की मग कितीही कमी माणसं चालतात. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे बऱ्याच गावांचा खरा कारभार तहकूब सभेतच चालतो. बोरशिंगीने दोन्ही तऱ्हा वापरल्या. ठराव विषयपत्रिकेवर असला की पहिल्या सभेला माणसं यायची नाहीत, आणि तहकूब सभा कधी लावायची ते सरपंचांच्या हातात. ती लागायची नाही.

या दिवसांत प्रस्तावाचं काम तात्यांच्या सुनेने हातात घेतलं. सुनंदा. दहावी झालेली, वसाहतीतून निवडून आलेली सदस्य. तिचा नवरा कबनूरला यंत्रमागावर कामाला होता आणि आठवड्याने घरी यायचा. सुनंदा माझ्या टेबलासमोर बसून घरांची यादी करायची. मी तिला पानांवर क्रमांक घालायला शिकवलं, प्रत्येक परिशिष्टाला चिठ्ठी लावायला शिकवलं. एकदा म्हणाली, "बाई, तुमच्या घरात डाळीच्या डब्यास्नी पण नंबर हायत काय?" आहेत. मी तिला सांगितलं नाही.

बोरशिंगीचे सरपंच बाळगोंडा आप्पा. उंच, पांढरी टोपी, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. वसाहतीला दिलेल्या जमिनीचा मोठा तुकडा त्यांच्या वडलांच्याच रानातून गेला होता. म्हणून ते सही देणार नाहीत, असं सगळेच धरून चालले होते.

शेवटी एकदाची ज्या दिवशी सभा लागली त्या दिवशी शाळेच्या पटांगणात दोन्हीकडची माणसं दोन बाजूंना बसली. ग्रामसेवकाने विषय वाचला. मागून कोणीतरी ओरडलं, "जाऊ दे की पावण्यास्नी! जाताना जमीन तेवढी ठिऊन जावा म्हनावं!"

हशा झाला. सुनंदा उठली. पदर खोचलेला, हातात माझ्याच क्रमांकांची फाईल.

"पावणं किती वर्सं पावणं ऱ्हायाचं त्ये आधी सांगा. मग जमिनीचं बोलू."

"तंवर, जंवर जेवायला घालतोय!" मागून पुन्हा.

"तुमी? तुमी आमाला जेवायला घालताय? आमच्या धरणाचं पानी पिऊन तुमचा ऊस मोठा झालाय."

आता आवाज वाढला. मी पेन खाली ठेवलं. अशा वेळी अधिकाऱ्याने उठून उभं राहायचं नसतं, नाहीतर सभा त्याच्यावर येते. आप्पांनी हात वर केला.

"गप बसा की रं." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "माझ्या बाची जमीन ह्येंना गेली. म्हातारा मरूस्तवर बांधावर जाऊन बसायचा, दुसऱ्याच्या उसाकडं बघत. मला राग हाय. न्हाय कसा? पर पोरगी खोटं न्हाय बोलत. ह्येंचं गाव बुडालं, म्हनून आमच्या मोटारीला पानी हाय. नाव मागत्यात. नाव द्यायला माझ्या बाचं काय जातंय?"

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. मला माझ्या नोकरीत ग्रामसभेत रडू आलं असेल तर त्या एकाच दिवशी, आणि तेही मी चष्मा पुसून आवरलं. तात्या आप्पांच्या पायाला हात लावायला गेले. आप्पांनी त्यांना धरून उभं केलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्या, माज्यापरास मोटा हायस तू."

इथपर्यंतची गोष्ट मी खूप लोकांना सांगितली आहे. पुढची फार सांगितली नाही.

ठराव वर गेला. आता उरली होती स्थळपाहणी. जनगणनेत वसाहत बोरशिंगीतच मोजलेली, त्यामुळे तिची वेगळी लोकसंख्या कोणत्याच सरकारी कागदावर नव्हती. म्हणून वरच्या कार्यालयातल्या एका साहेबांनी प्रत्यक्ष येऊन घरं आणि माणसं बघायची, सुनंदाच्या यादीशी ताडायची आणि अहवाल द्यायचा. मे महिना होता. मे म्हणजे बदल्यांचा महिना. साहेबांची बदली ठरली होती आणि जाण्यापूर्वी हातातली प्रकरणं संपवायचा त्यांचा विचार होता. पत्र आलं, मंगळवारी येतो.

मी सुनंदाला फोन केला. तिने तारीख दोनदा विचारून घेतली.

"अगं, आनंदाची बातमी आहे."

"बाई, मंगळवारी गावात कोन नसतंय."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, इतकी वर्षं त्यांच्यात जाऊन येऊन. उंबरघोळच्या लोकांनी ट्रकमधून येताना देव बरोबर आणला होता. देव म्हणजे तांदळा, शेंदूर लावलेला एक साधा दगड, जोगूबाई नावाचा. वसाहतीत पत्र्याचं देऊळ बांधून त्यांनी ती बसवली. पण देवाची मूळ जागा तिकडे, पाण्याखाली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी कालव्याला सोडून सोडून खाली जातं आणि एक दिवस जुन्या देवळाचा चौथरा उघडा पडतो. तो उघडा पडल्याची वर्दी आली की येणाऱ्या मंगळवारी जोगूबाईला पालखीतून तिच्या जागेवर न्यायचं. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, मिळेल ते करून. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जायचं. देव गावात नसेल त्या दिवशी गावात चूल पेटवायची नाही आणि कोणी राहायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या बुडालेल्या घराच्या उंबऱ्यावर हळदीकुंकू लावायचं, तिथेच बसून भाकरी खायची आणि रात्र काढून सकाळी देवाबरोबर परतायचं. हा दिवस पंचांगात नसतो. तो पाण्यावर असतो. त्या वर्षी वर्दी नेमकी त्याच आठवड्यात आली होती.

मी साहेबांना फोन केला. सगळं क्रमाने सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बाई, मंगळवारनंतर मी इथे नाही. आणि मला एक सांगा, गाव आहे तर गावात माणसं असतील ना?"

मी संध्याकाळी वसाहतीत गेले. देवळासमोर सगळे जमले होते. मी म्हणाले, "पुढच्या मंगळवारी जा."

"वळीव झाला तर चौथरा बुडंल," एकजण म्हणाला.

"आनि पहिला मंगळवार म्हंजे पहिला मंगळवार," दुसरा.

सुनंदा म्हणाली, "निम्मी मानसं थांबू द्यात. निम्मी जाऊ द्यात."

"निम्मं गाव कसं थांबंल?" तात्या तिच्याकडे न बघता म्हणाले. "गाव काय भाकरी हाय, अर्धी मोडाय?"

शेवटी ठरलं, देवीला विचारायचं. कौल लावायचा. म्हणजे तांदळ्याला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बघायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावल्या. तात्यांनी हात जोडून मोठ्याने विचारलं, "आई, निम्मी लेकरं मागं ठिऊ का?"

मी इंग्रजी शिकलेली बाई, पण मीसुद्धा टक लावून बघत होते. डावी पडली.

"तात्या, वारं होतं," सुनंदा म्हणाली.

तात्यांचे डोळे भरले होते. ज्या माणसाला ते नाव सगळ्यांत जास्त हवं होतं, त्यानेच विचारलं होतं आणि त्यालाच ते उत्तर मिळालं होतं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. देवाला एकदाच विचारायचं असतं.

मंगळवारी साहेबांबरोबर जीपमधून मी वसाहतीत गेले. उन्हाने माळ पांढरा पडला होता. एकेका दाराला कुलूप, कडीत उंबराची डहाळी खोचलेली. कुत्रीसुद्धा ट्रॅक्टरमागे गेलेली. साहेब प्रत्येक दारासमोर थांबून माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. मी यादीतली नावं वाचत होते. आपण स्मशानात हजेरी घेतोय, असं मला वाटलं.

एक दार उघडं होतं. सुनंदा उंबऱ्यात उभी होती.

"या, साहेब. बसा."

तिने चहा केला. गॅसवर. साहेबांनी चहा घेतला, यादी बघितली, तिच्या अक्षराचं कौतुकही केलं. मग म्हणाले, "ताई, बाकीचे कुठे आहेत?"

"गावाला गेल्यात."

"गाव तर हे ना?"

सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. इतकी धीट पोरगी, ग्रामसभेला पुरून उरलेली. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते अहवालात बसणारं नव्हतं. साहेब वाईट नव्हते. जीपमध्ये बसताना म्हणाले, "मी काय करू? जे दिसलं ते लिहितो." त्यांनी तेच लिहिलं. बहुतांश घरे बंद आढळली, कायम वास्तव्य दिसून येत नाही. मी माझं टिपण स्वतंत्र जोडलं, चौथरा, पालखी, सगळं. वरच्या कार्यालयात ते कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. मी इतक्या नीट लावलेल्या फाईलमध्ये ते शेवटच्या पानाच्याही मागे होतं.

दुसऱ्या दिवशी देव परत आला. तात्या थेट माझ्या ऑफिसात आले, पायाला धरणातला वाळलेला गाळ.

"साहेब आलंतं?"

"आले होते."

"मग?"

"घरं बंद दिसली, तात्या."

"देव गेल्यावर घरं बंदच असत्यात की," ते मला समजावू लागले, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. जणू मला पटलं की मी ते सरकारला पटवीन.

प्रस्ताव परत आला. त्यानंतर नवे साहेब आले, मग निवडणुकीची आचारसंहिता, मग अटी बदलल्या, मग पुन्हा पहिल्या ठरावापासून सुरुवात करा असं पत्र. दरम्यान आप्पा गेले आणि बोरशिंगीत दुसरे सरपंच आले. त्यांनी ग्रामसभेत हा विषय पुन्हा घेतला नाही.

वसाहतीत मात्र निराळंच घडलं. सरकारवर राग काढायला सरकार तिथे नव्हतं. सुनंदा होती. देव गावात नसताना हिने चूल पेटवली, म्हणून पंचायत आली नाही, असं आधी बायका म्हणू लागल्या, मग पुरुष. तिने भांडून बघितलं. "गॅस म्हंजे चूल न्हवं!" ते ऐकून सगळे हसले, आणि त्या हसण्याने तिचं तिथलं राहणं संपलं. पुढच्या निवडणुकीत तिला कोणी उभं केलं नाही. हळदीकुंकवाला तिच्या घरी कोणी येईना. तात्यांनी सुनेला एका शब्दाने दोष दिला नाही. पण तिची बाजूही घेतली नाही. ती नवऱ्याकडे कबनूरला गेली. आता दोघंही मागावर जातात. मी एकदा तिच्या खोलीवर गेले होते. मागांच्या आवाजात एकमेकींना ओरडून बोलावं लागत होतं. मी निघताना म्हणाली, "बाई, मी तुमच्यासारखं सगळं नंबर घालून केलं. मग चुकलं कुठं?"

मी तिला काय सांगणार होते? क्रमांक बरोबर होते, पोरी. पाण्याला क्रमांक नव्हता.

आता ज्ञानूतात्यांच्या वसाहतीत गेलात तर कुलपं दिसतील. मंगळवार नसतानाही. तरुण माणसं एमआयडीसीत, कोल्हापुरात, पुण्यात. काही जमिनी विकल्या गेल्या, घेणारे बोरशिंगीचेच. पत्र्यांवर गवत, भिंतींना भेगा. साहेबांचा तो अहवाल त्या दिवशी खोटा होता, आता तो हळूहळू खरा होत चालला आहे. वेगळी ग्रामपंचायत मागायला कोणी येत नाही. मागायला माणसं लागतात.

निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात मी तात्यांबरोबर उंबरघोळला गेले. गाळ वाळून भेगाळलेला, त्यातून दगडी जोती वर आलेली. एवढ्या वर्षांच्या पाण्याखाली मातीच्या भिंती विरघळल्या होत्या, पण दगड जागचे हलले नव्हते. तात्यांनी मला एक लांबट काळा दगड दाखवला. "ह्यो आमचा उंबरा. ह्यावर बसून माज्या आयनं मला दूध पाजलंया." त्यांनी त्यावर कुंकू लावलं आणि पाय पसरून बसले. मग म्हणाले, "बाई, हितं कुनाची ग्रामपंचायत लागती?"

"कुणाचीच नाही, तात्या."

"मग झालं की आमचं येगळं."

ती जागा पाटबंधारे खात्याच्या मालकीची आहे, हे मला माहीत होतं. मी म्हणाले नाही. नोकरीत असते तर म्हणाले असते.

श्रावणात तात्या गेले, वसाहतीतल्या घरात, झोपेत. नोंद करायला कबनूरहून सुनंदा आली होती, तिनेच मला कळवलं. मृत्यूचे ठिकाण: बोरशिंगी. ग्रामसेवक नवा मुलगा होता. तिने त्याला विचारलं म्हणे, "कंसात तरी उंबरघोळ लिहिता येतंय का?" त्याने संगणकाकडे बघितलं आणि म्हणाला, "तसा रकाना न्हाय, काकी."

ईशान, तू विचारलं होतंस मी काय करायचे. लोकांनी मागितलेलं त्यांना मिळावं म्हणून मी कागद नीट लावायचे. बहुतेक वेळा मिळत नसे.

या वर्षीही उन्हाळ्यात, तात्या होते तेव्हा, पाणी उतरल्यावर देव गेला होता. पालखी नव्हती, जोगूबाईला एका टोपलीत घालून जीपमधून नेलं. फार थोडे लोक होते, त्यात सुनंदा होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी परतही पाठवलं नाही. तिने तात्यांच्या घराच्या उंबऱ्यावर कुंकू लावलं, त्यांना शेजारी बसवून.

उंबरघोळची ग्रामपंचायत झाली नाही आणि आता होणार नाही. देवळाचा चौथरा, विहिरीचा कठडा आणि तो काळा उंबरा अजून शिल्लक आहेत. पाणी उतरलं की दिसतात.

तुमची,
आजी